दोन आउटबोर्ड इंजिनांची जुळणी : होडी उजवीकडे ओढते, डाव्या वळणावर उजवा पंखा पाणी सोडतो (मदत हवी आहे)

नमस्कार.

आम्ही निफाड तालुक्यातील काही स्वयंसेवक पूरकाळात बचावाचे काम करतो. गोदावरीला मोठा पूर आला की नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या अंगाला असलेल्या सायखेडा आणि चांदोरी या गावांत पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्ट महिन्यात आम्ही ते पाहिले आहे. नाशिकला नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली जाऊ लागल्याचे कळले, की खालच्या अंगाला आमची तयारी सुरू होते. इतकी वर्षे आम्ही वल्ह्याच्या होडीवर आणि रबरी होडीवर भागवले. यंदा वर्गणी काढून कोकण किनाऱ्यावरून १७ फुटी, व्ही आकाराच्या तळाची, वापरलेली फायबरची होडी आणली आहे. तिला प्रत्येकी २५ अश्वशक्तीची दोन टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून बसवलेली) इंजिने आहेत.

एवढ्या लहान होडीला दोन इंजिने कशासाठी, असे कोणी विचारील, म्हणून कारण आधीच सांगतो. आमच्याकडे पुराच्या पाण्यात पाणवेलींचे ताटवेच्या ताटवे वाहत येतात. ते पंख्याला गुंडाळले जातात किंवा इंजिन थंड ठेवणारे पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसून इंजिन तापवतात. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर माणसांना घेऊन काठाला लागता यावे, एवढाच हेतू आहे.

आता अडचण. गंगापूर धरणाच्या जलाशयात परवानगी घेऊन आम्ही तीन दिवस सराव केला. सावकाश चालताना होडी ठीक वागते. ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर मात्र सुकाणूचे चाक जड होते आणि होडी सतत उजवीकडे ओढू लागते, इतकी की दहा मिनिटांत चालवणाऱ्याचे मनगट दुखू लागते. उजवीकडे वळताना त्रास नाही; परंतु डावीकडे जरा जोरात वळवली, की उजव्या इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पंखा मोकळा फिरतो, वेग गळतो आणि होडी वळणाच्या मध्यातच सरळ होऊ पाहते. मोकळ्या जलाशयात हे चालून जाईल. सायखेड्याच्या गल्लीत, विजेच्या खांबाला वळसा घालताना, होडीत लहान मुले आणि म्हातारी माणसे असताना हे चालणार नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये काम करतो. मोजमाप घेणे हा माझा रोजचा व्यवसाय असला, तरी होडीचे ज्ञान मला नाही. होडी ट्रेलरवर समतल ठेवून, सुकाणू मध्यावर बांधून आणि दोन्ही इंजिने उभी करून मी पुढील मापे घेतली आहेत.

दोन इंजिनांच्या मध्यांमधील अंतर ६६० मिमी आहे. नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) मध्यापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणून ओळंब्याने पाहिले, तेव्हा दोन्ही इंजिने मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे ३३० मिमीवर भरली. पंख्याच्या वर जी आडवी कॅव्हिटेशन प्लेट असते, तिच्या पुढच्या टोकांमधील अंतर ६५२ आणि मागच्या टोकांमधील ६६२ मिमी आहे. म्हणजे सुमारे ३०० मिमी लांबीत इंजिने पुढच्या बाजूने १० मिमी आत झुकलेली आहेत. उंचीही सारखी नाही. प्रत्येक इंजिनाच्या नेमक्या समोर तळाला सरळ पट्टी लावून पाहिले, तर डाव्या इंजिनाची प्लेट तळरेषेच्या ५ मिमी वर आणि उजव्याची २४ मिमी वर आहे. पूर्ण थ्रॉटलवर, पाच माणसे बसलेली असताना, डावे इंजिन मिनिटाला ४७०० आणि उजवे ४९५० फेरे देते; इंजिनाच्या पुस्तिकेत ५००० ते ६००० असावेत असे दिले आहे. दोन्ही पंखे १३ इंच पिचचे (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जेवढा पुढे सरकावा ते अंतर) असून दोन्ही उजवीकडेच फिरणारे आहेत.

गावातील एका मोटार गॅरेजमध्ये मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी चाकांच्या अलाइनमेंटचे उदाहरण देऊन इंजिने किंचित आत झुकलेलीच असावीत, असे सांगितले. दुसऱ्या एका कारागिराने दोन्ही इंजिनांना एकत्र वळवणारा जोडदांडा काढून टाकून दोन्ही इंजिने वेगवेगळी चालवावीत, असा सल्ला दिला. तो मला धोक्याचा वाटला, म्हणून मानला नाही. माझी अडचण अशी आहे, की कारखान्यात दोन अक्ष समांतर करायचे म्हणजे ते जागेवर समांतर करायचे, आणि तेथे चूक शून्याच्या जवळ नेणे हेच काम असते. येथे मात्र मी ट्रेलरवर जे समांतर करीन, ते पाण्याच्या दाबाखाली समांतर राहीलच असे नाही. मग जुळणी नेमकी कोणत्या स्थितीतली खरी मानावी? उंची, कोन आणि थ्रॉटल यांपैकी आधी कशाला हात लावावा? आणि उजवीकडची ओढ १० मिमीच्या झुकावामुळे आहे की दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात म्हणून? ज्यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. पावसाळ्याआधी दोनच रविवार हातात आहेत.

प्रतिसाद (रायगडच्या किनाऱ्यावरून)

आपण मापे दिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक वेळा "होडी नीट वळत नाही" एवढेच लिहिलेले असते.

प्रथम उंचीला हात लावा. वळताना होडी आतल्या बाजूला कलते आणि बाहेरच्या बाजूचे इंजिन पाण्यातून वर उचलले जाते. डावीकडे वळताना बाहेरचे इंजिन उजवे, आणि तेच १९ मिमी वर आहे. १९ मिमी म्हणजे पाऊण इंच, आणि ब्रॅकेटच्या भोकांमधील अंतर बहुधा तेवढेच असते. बसवणाऱ्याने उजवे इंजिन एक भोक वर धरलेले दिसते. ते एक भोक खाली घ्या. दोन्ही सारखी करण्यासाठी त्याऐवजी डावे वर घेण्याचा मोह होईल, पण माणसे भरलेल्या, सतत वळणाऱ्या होडीला ते योग्य नाही. दोनचार किलोमीटरच्या वेगापेक्षा पंख्याची पकड तुमच्या कामाला महत्त्वाची आहे. फेऱ्यांतला फरकही बऱ्याच अंशी यातूनच आलेला असणार, कारण वर बसलेल्या इंजिनावर भार कमी पडतो. बोल्ट काढाल तेव्हा भोकांत नवे सीलंट भरायला विसरू नका. फळीच्या आतले लाकूड एकदा भिजले की ते वाळत नाही.

मधल्या एका इंजिनाची होडी कोणी दोन इंजिनांची केली असेल, तर आणखी एक गोष्ट तपासून घ्या. तळ व्ही आकाराचा असल्याने मध्यापासून बाजूला जावे तसा तो वर चढतो. तळाचा कोन १५ अंश धरला, तर ३३० मिमी बाजूला तो सुमारे ८८ मिमी वर असतो. म्हणून उंची नेहमी इंजिनासमोरच्या तळापासून मोजायची, मधल्या कण्यापासून नाही. आपण ती बरोबर मोजली आहे.

कोनाला हात लावण्यापूर्वी ढिलेपणा पाहा. दोघांनी दोन इंजिनांचे खालचे (पंख्याखालचे, न फिरणारे) पाते धरून ती एकमेकांकडे आणि मग एकमेकांपासून दूर ढकलावीत. जोडदांड्याच्या टोकांच्या सांध्यांतील गोळ्यांत किंवा इंजिनाच्या फिरत्या बुशमध्ये खेळ असेल, तर प्लेटच्या टोकाला तो कित्येक मिलिमीटर दिसतो, आणि पाण्याच्या दाबाखाली इंजिने तेवढी सरकणारच. ट्रेलरवरची जुळणी खोटी ठरते ती बहुतेक वेळा याच कारणाने. खेळ काढल्यावर ट्रेलर आणि पाणी यांतला फरक फार उरत नाही. जो उरतो तो चालवूनच शोधायचा.

त्यानंतर इंजिने समांतर करा. गॅरेजवाल्यांचे उदाहरण होडीला जसेच्या तसे लागू होत नाही. काही होड्यांना किंचित आत, काहींना किंचित बाहेर झुकाव मानवतो. तळ, वजन आणि अंतर यांवर ते अवलंबून आहे. म्हणून सुरुवात समांतरापासून करायची. आपला जोडदांडा इंजिनांच्या पुढच्या सुकाणू-भुजांना जोडलेला असेल, तर तो लांब केल्याने इंजिने पुढून उघडतात. मागून जोडलेला असेल तर उलट होते. भुजा १८० मिमीच्या आसपास असेल, तर आपला १० मिमीचा झुकाव काढायला दांडा साधारण ६ मिमी लांबवावा लागेल. येथे एक सावधगिरी बाळगा. दांडा लांबवताना रॉड-एन्डचे (टोकाला आट्यांनी बसणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचे) पुरेसे आटे आत राहिले पाहिजेत. ते कमी उरत असतील तर लांब दांडा करून घ्या, आणि लॉकनट आवळल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका. वेगात दांडा निसटला तर दोन इंजिने दोन दिशांना जातात. दांडा काढून टाकण्याचा सल्ला आपण मानला नाहीत, हे फार चांगले केले.

उजवीकडची ओढ मुख्यतः पंख्यांमुळेच आहे. दोन्ही उजवे असल्याने त्यांचा जोर एकमेकांना कापत नाही, तो एकाच बाजूला साठतो. एवढ्या लहान इंजिनांत उलट फिरणारे सहसा मिळत नाही. प्लेटखाली, पंख्याच्या मागे जी लहान शेपटी असते, ती ढिली करून तिचे मागचे टोक उजवीकडे थोडे वळवा. दोन्ही इंजिनांची शेपटी सारखीच वळवायची. एकाच इंजिनाची वळवलीत, तर नवीच भानगड उभी राहील. ट्रिमची (इंजिनाचा पुढेमागे कल ठरवणारी) खीळही दोन्हीकडे एकाच भोकात आहे ना, ते पाहा.

थ्रॉटलच्या केबल सर्वांत शेवटी. आधी त्या जुळवल्या तर खरे दोष झाकले जातात.

आणखी एक प्रतिसाद

वरील सर्व मान्य, फक्त फेऱ्यांबद्दल एक भर घालतो. ही होडी समुद्रसपाटीवरून आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर आणली आहे. साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे आपली ६ टक्के आधीच गेली. समुद्रावर बरोबर असलेला पंखा नाशिकला जड पडणारच. जुळणी पूर्ण झाल्यावरही फेरे कमीच राहिले, तर पिच कमी करावा; एक इंच कमी केला की १५० ते २०० फेरे वाढतात. कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल देत राहणे इंजिनाला मारक आहे. कार्ब्युरेटरचे जेटही उंचीप्रमाणे बदलावे लागतात का, ते पुस्तिकेत पाहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल पहाटेपासून दुपारपर्यंत पुन्हा जलाशयावर होतो. सांगितलेल्या क्रमानेच काम केले आणि प्रत्येक बदलानंतर तीच पाच माणसे, तेवढेच पेट्रोल, वाऱ्याच्या दिशेने एकदा आणि विरुद्ध एकदा, असे चालवून वहीत नोंदी घेतल्या.

उजवे इंजिन एक भोक खाली आणल्यावर डावे वळण पहिल्याच फेरीत सुधारले. पंखा आता पाणी सोडत नाही. त्यानंतर ढिलेपणा पाहिला, तर जोडदांड्याचा उजवीकडील गोळा झिजलेला निघाला. हाताने ढकलल्यावर प्लेटच्या मागच्या टोकाला ७ मिमी सरकत होते, म्हणजे माझ्या ६६२ या मापाला तसा काही अर्थच नव्हता. अंबडला तेच माप पाहून नवा रॉड-एन्ड आणला. जुन्या दांड्यात आटे कमी उरत होते, म्हणून स्टेनलेसचा १५ मिमी अधिक लांब दांडा लेथवर करून घेतला.

समांतर केल्यावर सुकाणू निम्म्याने हलके झाले, मात्र उजवीकडची ओढ कायम राहिली. ती दोन्ही शेपट्या वळवल्यावरच गेली. आता सरळ जाताना एका हाताने चाक धरता येते. कुतूहल म्हणून पुढून ३ मिमी आत आणि मग ३ मिमी बाहेर झुकावही देऊन पाहिला. आत झुकवल्यावर वळण किंचित सुस्त वाटले. बाहेर झुकवल्यावर सरळ जाताना नाळ इकडेतिकडे शोधत राहिली. पुन्हा समांतरावर आणून लॉकनट आवळले आणि त्यावर रंगाची खूण केली, म्हणजे पुढे कधी तो सरकला तर नजरेला येईल.

केबल जुळवल्यानंतर फेरे डावीकडे ४८२० आणि उजवीकडे ४८६० आले. फरक मिटला, पण दोन्ही ५००० च्या खाली आहेत. म्हणजे उंचीचा मुद्दा खरा ठरला. हिशेबाने ११ इंच पिचचे दोन पंखे लागतील असे दिसते. ते मागवण्यापूर्वी एकच विचारतो : पुरात आठ माणसे बसवावी लागतात, तेव्हा ११ वर थांबावे की त्याहूनही खाली जावे? आणि पाणवेलींत तीन पात्यांचा पंखा बरा की चार पात्यांचा, हे कोणी खाडीत किंवा तळ्यात वापरून पाहिले असेल, तर जरूर लिहावे. येत्या रविवारी एक इंजिन मुद्दाम बंद ठेवून, दुसऱ्यावर आठ माणसांसह प्रवाहाविरुद्ध काठाला लागण्याचा सराव करणार आहोत. त्याच्या नोंदी येथेच टाकीन.