गोरखचिंच, मांडूची इमली की खुरासानी इमली?

प्रश्न (इंदूर) : मांडूला गेलं की मखमली सालीचं, दुधीसारखं लोंबणारं आंबट फळ विकायला असतं. इंदूरच्या मराठी घरांत त्याला 'मांडूची इमली' म्हणतात, विकणारे 'खुरासानी इमली' म्हणतात आणि कोशात 'गोरखचिंच' सापडतं. तिन्ही एकच ना? मराठीत लिहिताना कुठलं नाव घ्यावं?

वडोदऱ्याहून : एकच. इकडे गुजरातीत 'रुखडो' म्हणतात, 'गोरख आमली'सुद्धा. चिंचेशी मात्र त्याचं नातं नाही, ते सावरीच्या जवळचं. पान बघा, सावरीसारखंच पंजाच्या बोटांचं. गर आंबट, म्हणून चिंच.

ग्वाल्हेरहून : म्हणजे तानसेनच्या समाधीजवळची चिंच ही नव्हे? तिचा पाला चावला की गळा गोड होतो अशी आमच्याकडे श्रद्धा आहे, गवई मंडळी आवर्जून पानं तोंडात टाकतात.

उत्तर (इंदूर) : नव्हे, ती साधी चिंच.

'खुरासानी'बद्दल सांगायलाच हवं. गोरखचिंचेचं झाड मूळ आफ्रिकेचं. खुरासान म्हणजे इराण-अफगाणिस्तानकडचा थंड मुलूख, तिथे ते उगवतच नाही. आता मराठीतली 'खुरासणी' आठवा, म्हणजे कारळं. तेही इथिओपियातून आलेलं! आफ्रिकेतल्या दोन वनस्पती आणि दोघींच्या नावात खुरासान. मला वाटतं, पश्चिमेकडून व्यापाऱ्यांबरोबर जे येई त्याला आपल्या लोकांनी सरसकट हे विशेषण लावलं असावं. मांडूत ही झाडं पंधराव्या शतकातल्या सुलतानांच्या काळात आली असं सांगतात. जनुकीय अभ्यासानुसार भारतात ती एकदाच नाही, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून अनेकदा आली.

'गोरख' आला तो नाथपंथातून. गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी कथा आहे. म्हाताऱ्या झाडाच्या खोडात माणूस बसेल एवढी ढोली होते, तेव्हा तिथे जोगी राहिले असतील हे सहज पटतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ किंतूर गावी याच झाडाला 'पारिजात' म्हणतात. कुंतीला शिवपूजेसाठी फुलं हवी होती म्हणून अर्जुनाने ते स्वर्गातून आणलं, अशी तिथली कथा. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र केशरी देठाचा प्राजक्त उभा राहतो, म्हणून भाषांतरात इथे जपावं. गोरखचिंचेचं फूल मोठं पांढरं, खाली लोंबणारं, रात्री उमलतं आणि वटवाघळं त्यावर येतात.

प्रश्न (इंदूर) : मांडूच्या झाडांचं वय खरंच हजार वर्षं आहे का?

उत्तर (इंदूर) : घेर पाहून वय सांगू नये. हे झाड तरुणपणी भराभर जाड होतं, खोड पाणी साठवतं, कोरड्या वर्षांत घेर थोडा उतरतोही. आतून पोकळ झाल्यावर वर्तुळं मोजायला काही उरत नाही, मग कार्बन-कालमापनच करावं लागतं. दीर्घायुषी मात्र खरंच. झिम्बाब्वेतलं 'पांके' नावाचं झाड सुमारे २४५० वर्षं जगलं. २०२३ मध्ये धार जिल्ह्यातून (मांडू याच जिल्ह्यात) ही झाडं मुळासकट बाहेर नेण्याला गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. एवढं जुनं झाड कुंडीतल्या रोपासारखं हलवायचं नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. झाडाविषयी लिहिताना 'गोरखचिंच' लिहा, महाराष्ट्रातल्या वाचकालाही तेच कळेल. फळाचा, बाजाराचा, चवीचा विषय असेल तर 'मांडूची इमली' बिनदिक्कत ठेवा. तिथे 'इमली'ची 'चिंच' करू नका, माळव्यातल्या मराठीत तो शब्द आपलाच आहे. 'खुरासानी' विकणाऱ्याच्या तोंडी शोभतं. नुसतं 'खुरासणी' लिहिलंत तर मात्र वाचक कारळ्याची चटणी समजेल.