मदत हवी आहे : हलक्या ब्लाँड बीअरसाठी नागपूरच्या हवेत कोणतं यीस्ट घ्यावं?

नमस्कार मंडळी,

घरी दहा लिटर ब्लाँड एल (फिकट सोनेरी, हलकी बीअर) लावायची आहे आणि गाडी यीस्टपाशी अडली आहे. विदर्भात किंवा अशाच कोरड्या, तापट हवेत कुणी केली असेल तर अनुभव जरूर सांगा.

मागची खेप ऑक्टोबरात लावली होती. यीस्टच्या पाकिटावर १८ ते २२ अंश लिहिलेलं, खोलीत २७. चालून जाईल म्हणून पुढे गेलो. दुसऱ्या रात्री एअरलॉकची (आंबवायच्या डब्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) बुडबुड शेजारच्या खोलीत ऐकू येत होती. उठून डब्याला चिकटवलेली तापमानपट्टी पाहिली, तर ३१! आंबताना वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची बीअर होते) स्वतःच तापतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी बाटली उघडली. रंग उन्हासारखा, फेसही छान, पण ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलेलं केळं आणि मागून थिनरचा वास. गडद बीअरमध्ये भाजक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) आड असला दोष थोडाफार झाकला जातो, ब्लाँडमध्ये काहीच झाकत नाही. सगळी ओतून दिली. फार जीवावर आलं.

या वेळी पिल्सनर माल्ट २ किलो, गव्हाचं माल्ट २०० ग्रॅम, मॅश (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं) ६५ अंशांवर तासभर. पिल्सनर माल्टमुळे उकडलेल्या मक्यासारखा वास राहू नये म्हणून झाकण न ठेवता ९० मिनिटं उकळणार. हॉप्स (कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) हॅलरटाऊ जातीचे : १५ ग्रॅम उकळीच्या शेवटच्या तासाला, १० ग्रॅम शेवटच्या पंधरा मिनिटांना. आंबवण्याआधीची वर्टची घनता (पाण्याची १ धरून) १.०४६ च्या आसपास यावी. कडूपणा बेताचाच हवा आहे.

यीस्टचे दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत. एक नॉटिंगहॅम. चव स्वच्छ, तळाशी घट्ट बसतं, थंडीतही काम करतं. पण ते लावायचं तर आत्ताच, फेब्रुवारीतल्या रात्री गार आहेत तोवर. डबा पाण्याच्या टबात, वरून ओलं गोणपाट, समोर पंखा, आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदलायच्या. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच हेही गार करतं. पावसाळ्यात मात्र याचा उपयोग नाही.

दुसरा पर्याय व्हॉस क्वाइक. हे नॉर्वेचं शेतघरांतलं यीस्ट, ३५ ते ४० अंशांत खुशाल काम करतं, म्हणजे एप्रिलमध्येही लावता येईल. पण त्याला संत्र्याच्या सालीसारखा वास येतो असं वाचलंय. संत्रं मला आवडतं, तरी ब्लाँडमध्ये मला माल्टची पावाच्या कडेसारखी गोडसर चवच पुढे हवी आहे. हा वास किती ठळक येतो? कमी तापमानाला लावलं तर दबतो का?

बेकरीचं यीस्ट सुचवू नका, ही विनंती. ते नीट खाली बसत नाही आणि बरेचदा लवंगेसारखा वास सोडतं.

आणखी एक. माल्टमधले ३०० ग्रॅम कमी करून तेवढे जाड पोहे घातले तर? पोहे आधीच भिजवून, भाजून चेपलेले असतात, म्हणजे वेगळे न शिजवता थेट मॅशमध्ये जावेत. बीअरचं अंग (दाटपणा) हलकं होईल हे कळतं, पण फेस टिकेल का?

पाण्याचंही विचारतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो आणि त्याने बीअरला औषधी चव लागते. आरओचं घेतलं तर त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत. मी निम्मं-निम्मं घेऊन नळाचं पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवणार आहे. कॅल्शियम क्लोराइड घालावं का, आणि दहा लिटरला किती?

रविवारी माल्ट भरडणार आहे. शनिवारपर्यंत कळवलंत तर त्याप्रमाणे यीस्ट आणून ठेवतो.