किडनीच्या धमनीचा फुगा: कॉइल आली म्हणून सर्जन घरी बसवायचे का?

तिरकस: परवा इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'किडनीच्या धमनीला फुगा आला (भिंत कमजोर होऊन फुगली) तर सरळ कॉइल, म्हणजे फुगा भरून टाकणारी बारीक तारेची गुंडाळी, घाला, पोट फाडणारे सर्जन मागच्या शतकातले.' डोकं फिरलं. फुगा मुख्य धमनीच्या सरळ भागात असेल तर कव्हर्ड स्टेंट (आवरण चढवलेली जाळीची नळी) बसतो, फुग्याची मान, म्हणजे धमनीकडचं तोंड, अरुंद असेल तर कॉइल. कबूल. पण हे फुगे बरेचदा असतात ते धमनीला फाटे फुटतात तिथेच. तिथे कव्हर्ड स्टेंट टाकलात की एखादा फाटा बंद, आणि किडनीचा तेवढा भाग मेला. तिथे फुगा कापून पायाच्या शिरेचा तुकडा शिवणंच टिकतं. फारच आत असेल तर अख्खी किडनी बाहेर काढतात, थंड द्रावणाने धुतात, टेबलावर दुरुस्त करून ओटीपोटात बसवतात. मागच्या शतकातलं म्हणे!

साधना_२: ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. स्टेंटच्या आधाराने कॉइल, फ्लो डायव्हर्टर (रक्त फुग्यात न जाता पुढे वळवणारी दाट जाळी), हे ऐकलंय का? फाट्यावरही होतं. माझ्या मावशीचं मांडीतून नळी घालून केलं, तिसऱ्या दिवशी जिना चढली.

वाटाड्या: मावशींचा फुगा केवढा होता?

साधना_२: १.८ सेंमी. का?

वाटाड्या: मग हात लावायचं कारणच काय? लक्षणं नसतील तर ३ सेंमीपर्यंत थांबा, असं अमेरिकेच्या व्हॅस्क्युलर सर्जरी सोसायटीने २०२० मध्येच सांगितलंय. २०१५ च्या मोठ्या अभ्यासात साडेआठशेहून जास्त फुगे पाहिले, वाढ वर्षाला सरासरी एक मिलिमीटरसुद्धा नाही.

नर्सबाई: थांबा म्हणणाऱ्यांचं काय जातं! बहिणीचा मुतखड्यासाठी सीटी काढला, त्यात हा फुगा निघाला. रिपोर्ट हातात ठेवला, समजावणारं कुणी नाही. रात्रभर रडली. आणि मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर आकार न बघता उपचार करा, हेही त्याच मार्गदर्शनात आहे. गरोदरपणी फुटला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. ते बरं विसरलात.

वाटाड्या: विसरलो नाही. मावशी गरोदर असतील असं वाटलं नव्हतं.

साधना_२: शोभतं का हे?

घुम्या: मला तर या सीटीचाच राग आहे. किडनीचं दुखणं आणि तपासायला किडनीलाच जड जाणारा डाय (सीटीत धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध)! वडिलांच्या फुग्यासाठी दरवर्षी टोचतात.

नर्सबाई: दोन तपासण्या लागोपाठ सारख्या आल्या की दोन-तीन वर्षांनी केली तरी चालते. विचारा ना डॉक्टरांना. डाय न वापरता एमआरआयही होतो.

घुम्या: विचारलं. 'तुम्ही डॉक्टर का मी?' म्हणाले.

नर्सबाई: मग डॉक्टर बदला! सगळे नुसते मान डोलावतात आणि इथे येऊन ओरडतात.

घुम्या: वडिलांना सांगा ते. मला हाकलतील.

तिरकस: सीटीचा वेगळा धागा काढा की. साधनाताई, फ्लो डायव्हर्टरनंतर रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने चालतात, ते नाही लिहिलंत?

साधना_२: घेते ती. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं तिच्या. झालं समाधान?