खुनी दारात आला तरी खरंच बोलायचं?

जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९७ मध्ये एका निबंधात लिहितो की खुनी दारात येऊन विचारतोय, तुझा मित्र घरात लपलाय का, तरी खोटं बोलायचं नाही! दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, हे कसलं नीतिशास्त्र?

> तो निबंध फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंटला उत्तर होता. कॉन्स्टंट म्हणायचा, ज्याला सत्याचा हक्कच नाही त्याच्याशी खरं बोलायचं कर्तव्यही नाही. मला तोच पटतो. पण कांट गृहीत धरतो की हो किंवा नाही म्हणणं टाळताच येत नाही, हे लक्षात घ्या.

> इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम सरळ परिणाम बघेल, जीव वाचतोय ना, मग बोल खोटं. मला मात्र ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल जवळचा, तो नियम किंवा परिणामापेक्षा माणूस कसा घडतो ते बघतो, वाद्य वाजवून वाजवूनच वादक होतो तसं धाडस करून करूनच माणूस धाडसी होतो म्हणतो तो.

टाळता येत नाही हा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता, परत वाचते.