हिवाळ्यात गॅलरीत जावंसंच वाटत नाही, तुम्ही काय करता?

घोडबंदरची_प्राजू
आम्ही घोडबंदर रोडला सहाव्या मजल्यावर राहतो, गॅलरी उत्तरेला. मे-जूनमध्ये छान ऊन यायचं, मोगऱ्याच्या रोज ओंजळभर कळ्या निघायच्या. आता डिसेंबरात कवडसासुद्धा नाही, मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळतायत आणि तुळशीचं लग्न लागल्यापासून तिच्या नुसत्या काड्या उरल्यात. पाणी घालायला गेलं की जीव तुटतो, मग दोन-दोन दिवस मी तिकडे फिरकतच नाही. सगळे म्हणतात हिवाळा म्हणजे बागेचा खरा सीझन, मग माझ्याकडेच असं का?

नेरूळकर_माळी
ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, सूर्य सरकलाय. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेला असतो म्हणून तुम्हाला ऊन मिळत होतं. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही साधारण ४७ अंशांवरच असतो, म्हणजे उत्तरेच्या गॅलरीवर दिवसभर बिल्डिंगचीच सावली. मोगरा मेला नाहीये, झोपलाय. नखाने फांदी जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की काळजी नको. आता खत बिलकुल नको, पाणीसुद्धा बोटाचं एक पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच. जानेवारी संपता संपता छाटणी करा आणि शेणखत घाला, कळ्या नव्या फुटव्यावरच येतात. मी तर छाटणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि सगळा डिसेंबर तिची वाट बघतो, माझा उत्साह असा टिकतो.

मेथीवाली_कळवा
तुम्हाला रोज काहीतरी उगवताना दिसायला हवं. बाजारात रेतीतल्या समुद्रमेथीच्या छोट्या जुड्या मिळतात ना, तीच घरी लावा. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, पसरट ट्रेमध्ये कोकोपीट नाहीतर रेतीमिश्रित माती घालून वर दाट पसरायचे. तीन-चार दिवसांत ते वाकलेले कोंब डोक्यावर दाण्याचं साल घेऊन वर येतात, सकाळी चहा घेऊन मी तेच बघत बसते, खरंच दिवस चांगला जातो. दोन आठवड्यांत कापून भाजी नाहीतर थालीपीठ, एवढ्याशा मेथीला कडक ऊन लागत नाही. दर रविवारी एक ट्रे लावा, गॅलरी कधीच रिकामी वाटणार नाही.

शेवंती_खारघर
दक्षिणेची खिडकी असेल तर तिथे शेवंती ठेवा, फक्त रात्री ट्यूबलाइटखाली नको. तिला कळ्या धरायला लांब काळोखी रात्र लागते. आणि जानेवारी-फेब्रुवारीत राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन असतं, एकदा जाऊन याच, मी दरवर्षी घरी येताना काहीतरी लावायचं ठरवूनच येते.

घोडबंदरची_प्राजू
आत्ताच खरवडून बघितलं, हिरवं आहे!! खूप बरं वाटलं. मेथी आज रात्री भिजत घालते. तुळशीचं पण सांगा ना कोणीतरी, मंजिऱ्या सगळ्या काढू का?

नेरूळकर_माळी
हो, वाळायच्या आधीच खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येतील. थोड्या मात्र झाडावरच वाळू द्या, त्यांचं बी फेब्रुवारीत पेरा.