रविवारचा चहा: फलकावर काय लिहायचं?

सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार 🙏 रविवारी दुपारी ४ वाजता क्लब हाऊसमध्ये ज्येष्ठ महिलांसाठी ‘हाय टी’ आहे. सँडविच, केक, चहा. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

काकू (बी-३०४): माझं नाव लिहून घ्या. एक विनंती, फलकावर ‘हाय टी’ नको. हा ‘आफ्टरनून टी’ झाला.

सी-२०१: काकू, हॉटेलवाले तर हाय टीच म्हणतात. तो जास्त थाटाचा ना?

काकू (बी-३०४): नाही गं. यांच्या नोकरीमुळे आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला राहायचो. शेजारच्या आजींचं सगळं आयुष्य लोकरीच्या गिरणीत गेलेलं. एकदा म्हणाल्या, उद्या साडेपाचला टीला या. मी चहाबरोबर खायला म्हणून चिवडा घेऊन गेले. टेबलावर बघते तर चीज-कांद्याचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला), उकडलेले बटाटे, ब्रेड-लोणी आणि किटलीभर कडक चहा. चक्क रात्रीचं जेवण! गिरणीतून, खाणीतून दमून आलेल्या माणसांचं हे पोटभर खाणं, तोच हाय टी. तिकडे उत्तरेत अजूनही कितीतरी घरांत संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’च म्हणतात. मी मांस खात नाही म्हणून आजींनी पाय मुद्दाम चीजचा केला होता. अजून आठवतं.

सी-२०१: किती गोड! पण कामगारांना चहा परवडायचा?

काकू (बी-३०४): आधी नाही. चहावर ११९ टक्के कर होता, चोरटा व्यापार जोरात. १७८४ च्या कायद्याने तो साडेबारा टक्क्यांवर आणला, मग चहा हळूहळू गरिबाघरी पोचला.

डी-५०३: आणि आफ्टरनून टी?

काकू (बी-३०४): तो सरदार घराण्यांचा. १८४० च्या सुमाराला बेडफर्डची डचेस ॲना हिने सुरू केला असं सांगतात. दुपारचं खाणं हलकं, रात्रीचं जेवण आठच्या पुढे. मधल्या वेळी भूक लागायची, म्हणून ती चहा-ब्रेड-लोणी मागवायची, मग मैत्रिणींनाही बोलवायला लागली. आधी काकडीचं सँडविच, मग स्कोन (छोटा, पावासारखा बन), शेवटी केक. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले लोक स्कोनवर आधी साय लावतात, शेजारच्या कॉर्नवॉलवाले आधी जॅम. यावरून खरंच वाद होतात.

डी-५०३: काकू, चहा इंग्लंडच्या दरबारात पोर्तुगालच्या कॅथरीनने रुजवला ना? १६६२ ला राजा दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं तिचं.

काकू (बी-३०४): हो. चहा लंडनला आधीच मिळत होता, पण तिच्यामुळे तो मानाचा झाला. आणि त्याच लग्नात आपली मुंबई आंदण गेली! पुढे १६६८ ला राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली.

सी-२०१: हे रविवारी सगळ्यांना सांगा ना काकू.

सेक्रेटरी (ए-१०२): फलक बदलतो. ‘दुपारचा चहा, ४ वाजता’. चालेल?

काकू (बी-३०४): उत्तम. काकडीची सँडविचं मी आणते. काकडी मीठ लावून पिळून घ्यावी लागते, नाहीतर ब्रेड ओला होतो. एक मदतनीस हवी.

सी-२०१: मी ११ ला येते.