चर आधी की ठराव आधी? दुष्काळी डोंगरगावांचं काय करायचं

मुरमाड:
उन्हाळा आला की श्रमदानाच्या फोटोंचा पूर येतो. माझं म्हणणं कडू लागेल, पण पाणीवापराचे नियम ग्रामसभेत ठरल्याशिवाय पाणी अडवायला डोंगराला चर मारणं म्हणजे बड्या बागायतदाराची बोअर फुकटात भरून देणं. आपल्याकडे खडक बेसाल्टचा. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खालच्या भेगा, म्हणजे साठा उथळ. पावसाळ्यात भरतो, आणि दहा जणांनी ऊस लावला की फेब्रुवारीत विहिरी तळाला. हिवरे बाजारचं नाव सगळेच घेतात. तिथं शेतीसाठी बोअर बंद आहे, ऊस-केळी लावत नाहीत. पाऊस मोजून ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, आधी पिण्याचं आणि गुरांचं, मग पिकांचं. आपण मात्र फक्त चरांची नक्कल करतो.

टिकाव_खोरं:
साफ नामंजूर. नियम आधी म्हणत बसले असते तर माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं २०१८ ला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची श्रमदानाची स्पर्धा, जिंकली नसती. जिथं पाणीच नाही तिथं वाटणी कसली ठरवता? स्पर्धेचे ४५ दिवस भावकीतली न बोलणारी माणसं एकाच घमेल्याला हात लावायची, तेव्हा कुठं ग्रामसभेत बसायला तयार व्हायची. नुसता ठराव मांडा, कोरमसुद्धा भरणार नाही.

मुरमाड:
आणि पाणी लागल्यावर कोण ऐकतं? १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. त्यात वाटणीचं तत्त्व पक्कं होतं: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस नाही. भूमिहीनालाही हक्क. हा शेवटचा मुद्दा आज एक तरी गाव बोलतं का?

परसबाग:
पर्माकल्चरचा विचार का नाही होत? उंच झाड, त्याखाली झुडूप, खाली वेल, जमीन कायम झाकलेली. भरपूर आच्छादन केलं की पाण्याची गरजच कमी होते, भांडणही कमी.

टिकाव_खोरं:
ताई, आच्छादनाला पाला आणू कुठून? आमच्याकडं कडबा बैलांनाच पुरत नाही, मार्चपासून पेंढीचा भाव विचारत फिरतो. एक जमलंय, बांधाला गिरिपुष्प लावलंय. गुरं सहसा तोंड लावत नाहीत (शेळ्यांचं सांगू नका), म्हणून टिकलं. छाटून तोच पाला डाळिंबाच्या बुंध्याशी अंथरतो. पण ते जगवायला पहिले दोन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं, हे कुणी सांगत नाही.

मुरमाड:
डाळिंब! सापडलात.

टिकाव_खोरं:
चार ओळी आहेत हो, ठिबकवर. पोरांच्या फिया ज्वारीवर भरू का?

वाड्यावरचा:
तुम्ही दोघंही जमीनवाल्यांचंच बोलताय. आमच्या गावात चराईबंदीचा ठराव झाला तेव्हा आमची मेंढरं कोकणात होती. परत आलो तर वाटेवर काट्यांचं कुंपण. चराच्या भरावावर मेंढरं चढली की माती ढासळते, मान्य. पण डोंगर पाच वर्षं बंद, तर तेवढ्या वर्षांचा चारा कोण देणार? म्हणे गवत कापून न्या. तीनशे मेंढरांना विळ्यानं किती कापू? आणि परसबाग ताई, आम्ही रानात मेंढरं बसवतो, लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य देतो. तुमचं ते पर्माकल्चर आमच्या आज्यापासून चालू आहे, फक्त शिबिराची फी नव्हती.

परसबाग:
हा मुद्दा मान्य. डोंगराचे तुकडे पाडून आळीपाळीनं बंद ठेवले तर?

वाड्यावरचा:
तेच सांगतोय. एक अंग बंद, दुसरं उघडं. पण अंगं ठरवताना आम्हाला विचारा. मारवेलचं चांगलं गवत कुठं येतं आणि नुसतं कुसळी गवत कुठं, हे मोजणी करणाऱ्यापेक्षा आम्हाला जास्त ठाऊक.

मुरमाड:
म्हणजे ठराव आधीच लागतो ना, टिकावराव? बोअरचं तर कायद्यातच आहे. २००९ चा भूजल अधिनियम शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जाऊ देत नाही.

टिकाव_खोरं:
कायदा आहे. बोअरची गाडी रात्री येते, सकाळी केसिंग बसलेलं असतं. तक्रार कुणावर करू, सख्ख्या चुलत्यावर? म्हणून म्हणतो, आधी त्याला चरावर आणा. घाम गाळलेला माणूस बोअर मारताना निदान लाजतो.

मुरमाड:
लाजतो, आणि मारतो.

वाड्यावरचा:
ठराव करायचाच असेल तर दिवाळीच्या आत ग्रामसभा लावा. नंतर आम्ही घाट उतरलेलो असतो.